लाल विंचू, साधी गोळी आणि वाडीपर्यंतची वाट

नवं तंत्रज्ञान आलं की आरोग्यातली विषमता घटते की वाढते, यावर मोघम बोलत राहणं सोपं आहे. म्हणून इथे एकच आजार घेतला आहे आणि एकच मुलूख. आजार म्हणजे लाल विंचवाचा दंश, मुलूख म्हणजे दक्षिण रायगडमधले महाड आणि पोलादपूर तालुके. १९७० च्या दशकापासून आजपर्यंत या एका दंशावर एकामागून एक उपचार आले. एक सलाइनच्या बाटलीतून आला, एक गोळीच्या रूपात, एक घोड्याच्या रक्तापासून तयार झाला, आणि आता काही मोबाइलच्या पडद्यावरून येऊ पाहताहेत. विंचू तोच, डोंगर तेच, वाड्याही त्याच. त्यामुळे कुठल्या तंत्राने कोणाला वाचवलं आणि कोण मागे राहिलं, हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं मधुमेहात किंवा कर्करोगात दिसत नाही.

मुलूख आणि माणसं

महाड सावित्रीच्या काठी. ही नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. एके काळी गलबतं खाडीतून थेट महाडच्या बंदरापर्यंत येत. आज शहराला महामार्ग आहे, कोकण रेल्वे जवळून जाते, बिरवाडीच्या बाजूला रसायनांच्या कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. शहरातून डोंगराकडे निघालं की दर दोन-चार किलोमीटरला चित्र पालटतं: मोठं गाव, मग गावाच्या वाड्या, बौद्धवाडी, कातकऱ्यांची आदिवासीवाडी, आणि सगळ्यांत वर धनगरवाडा. ज्या महाडात १९२७ साली चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथे रस्त्यालगत कोण आणि टोकाला कोण, ही मांडणी जुनीच आहे. एसटीचा थांबा, दवाखाना, मोबाइलचा टॉवर हे सगळं नंतर आलं आणि त्याच मांडणीवर बसलं.

लाल विंचू अंगाने लहान. काळी इंगळी दिसायला भीतीदायक, पण तिचं विष त्या मानाने सौम्य; माणूस दगावतो तो या लहानग्या लालसर विंचवाने. त्याचं शास्त्रीय नाव हॉटेंटोटा टॅम्युलस, जुन्या लिखाणात मेसोबुथस टॅम्युलस. दगडांच्या फटीत, शेताच्या बांधात, फाट्यांच्या ढिगात, शेण्यांच्या उडवीत, पेंढ्यात तो दडलेला असतो. भाताच्या रोपांची जमीन भाजायला, म्हणजे राबासाठी, झाडांच्या फांद्या (कवळ) तोडणारी, पातेरा गोळा करणारी, बांधाचे दगड हलवणारी, अनवाणी लाकडं आणायला जाणारी माणसं त्याच्या वाटेत येतात. दक्षिणेकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात चिरेखाणींवर परगावाहून आलेले मजूर असतात. ते दिवसभर दगड उचलतात आणि रात्री खाणीच्या कडेला जमिनीवर झोपतात. विंचू माणूस निवडत नाही. माणसाचं काम, त्याचं घर आणि त्याची झोपायची जागा ही निवड आधीच करून ठेवतात. आणि मुलांचं वजन कमी असल्यामुळे तेवढंच विष त्यांना जास्त भारी पडतं.

दंशानंतर शरीरात काय घडतं

हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. विंचवाचं विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाटा उघड्याच ठेवतं. त्यामुळे नसा थांबत नाहीत, संदेश सोडतच राहतात आणि ॲड्रिनालिन-नॉरॲड्रिनालिनचा लोंढा रक्तात उतरतो. सुरुवातीला उलट्या होतात, घाम असा फुटतो की अंगावरून ओघळतो, लाळ गळते. मग बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, नाडी धावू लागते. त्या चढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं आणि फुफ्फुसात पाणी साचतं. तोंडाला फेस येतो, तो कधी गुलाबी असतो. हे सारं काही तासांत होऊ शकतं.

सगळ्यांचंच असं होत नाही. बहुतेकांना फक्त जीवघेणी कळ येते आणि ती एका दिवसात ओसरते. विंचू उतरवणाऱ्याच्या मंत्राला गुण येतो तो याच लोकांमध्ये. त्याच्याकडे आलेल्या दहांतले बरेच जण तसेही बरे होणारच असतात, म्हणून गावाचा त्याच्यावरचा विश्वास अनुभवातून आलेला आहे. त्याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. धोका आहे तो उरलेल्या थोड्यांना, आणि ते थोडे कोण हे पहिल्या तासा-दोन तासांत ओळखावं लागतं.

१९७६, बिरवाडी

डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यातून, गरीब घरातून आलेले डॉक्टर. १९७६ मध्ये ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावत होते आणि पुस्तकांत त्यावर धड काही नव्हतं. स्टेरॉइड, अँटीहिस्टॅमिन, ॲट्रोपिन अशी औषधं त्या काळी दिली जात. त्यातलं काही निरुपयोगी, आणि ॲट्रोपिनसारखं औषध तर आधीच धावणाऱ्या हृदयाला आणखी पळवणारं. बावस्करांनी रुग्णाजवळ बसून तासातासाच्या नोंदी ठेवल्या. माणूस मरतो तो हृदय थकून आणि फुफ्फुसात पाणी भरून, आणि त्याआधी काही ठरावीक चिन्हं दिसतात, हे त्यांनी त्या नोंदींतून मांडलं. १९८२ मध्ये लंडनच्या ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांचा या पूर्वचिन्हांवरचा लेख छापून आला.

आजार कळला, आता उपाय हवा होता. रक्तवाहिन्या सैल करायच्या, म्हणजे हृदयावरचा भार उतरेल, असा विचार. पहिलं औषध त्यांनी वापरलं ते सोडियम नायट्रोप्रुसाइड. औषध जोरकस, पण ते शिरेतून थेंब मोजत द्यावं लागतं, उजेडापासून झाकून ठेवावं लागतं, आणि रक्तदाब जवळजवळ मिनिटामिनिटाला पाहावा लागतो, नाहीतर तो कोसळतो. मोठ्या शहराच्या अतिदक्षता विभागात हे ठीक. वीज जाणाऱ्या, एकच डॉक्टर असलेल्या ठिकाणी ते चालवणं म्हणजे त्या एका डॉक्टरने बाकी सगळे रुग्ण सोडून एकाच खाटेशी रात्रभर उभं राहणं.

दुसरं औषध म्हणजे प्राझोसिन. रक्तदाबासाठी बाजारात आलेली साधी गोळी. ॲड्रिनालिनसारखी द्रव्यं रक्तवाहिन्यांवर ज्या जागी पकड घेतात, नेमकी ती अल्फा-१ नावाची जागा ही गोळी अडवते. १९८४ पासून बावस्करांनी ती नियमाने वापरली, १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याबद्दल लिहिलं. त्याआधी गंभीर अवस्थेत दवाखान्यात आलेल्यांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावत. गोळीनंतर ते प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गोळी तळापर्यंत का पोचू शकली

दोन्ही औषधं नवी, दोन्ही एकाच तत्त्वावरची. तरी एक शहरात अडकलं आणि दुसरं तालुक्यात रुजलं. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे.

गोळी स्वस्त आहे, हे तर झालंच. पण स्वस्त म्हणून ती पोचली एवढंच म्हटलं तर अर्धी गोष्ट सांगितल्यासारखं होईल. तिला फ्रीज लागत नाही. ती तोंडाने देता येते. मूल उलट्या करत असेल तर नळीने पोटात सोडता येते. ती द्यायला हृदयरोगतज्ज्ञ लागत नाही, एमबीबीएस झालेला, नुकताच लागलेला डॉक्टर देऊ शकतो. आणि सगळ्यांत मोलाची बाब अशी की गोळी लागू पडते आहे की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. दर तीन तासांनी गोळी द्यायची आणि हातपाय गरम, कोरडे झाले की थांबायचं. तळव्याला हात लावून कळतं. म्हणजे औषधाबरोबर त्याचं मोजमापही तळापर्यंत उतरलं.

धोके आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. या गोळीने उभं राहताना रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून मुलाला आडवंच ठेवावं लागतं, कडेवर उचलून फिरवायचं नाही, आणि घाम-उलट्यांतून गेलेलं पाणी भरून काढावं लागतं. नुसती कळ आहे, बाकी चिन्हं नाहीत, अशा रुग्णाला ती द्यायची नसते. हळूहळू सुटणाऱ्या गोळ्यांच्या रूपातही हेच औषध मिळतं; तातडीच्या कामाला साधी गोळी लागते. पण हे सगळे नियम एका कागदावर मावतात आणि एका प्रशिक्षणात शिकवता येतात.

नवा उपाय आधी कोणाला मिळतो, यावर साथरोगांचा आणि आरोग्याचा अभ्यास करणाऱ्यांनी बराच विचार केला आहे. वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत काम केलेले डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये मांडलं की ज्यांना वैद्यकीय सेवेची गरज जास्त, त्यांच्या वाट्याला ती कमी येते. ब्राझीलमधले सेझार व्हिक्टोरा आणि त्यांचे सहकारी २००० मध्ये पुढची पायरी सांगून गेले: नवा उपाय आधी सधनांपर्यंत पोचतो, त्यामुळे सुरुवातीला दरी रुंदावते; सधनांना मिळायचा तेवढा फायदा मिळून झाला की मगच ती अरुंद होऊ लागते. नायट्रोप्रुसाइड या नियमाला धरून वागलं. प्राझोसिनने तो मोडला, कारण त्याचा वापर मुळात तालुक्याच्या ठिकाणी, याच रुग्णांवर, याच अडचणींत घडवला गेला. मुंबईत तयार करून मागाहून खाली पाठवलेली ती गोष्ट नव्हती. आणि याच कारणामुळे तिची जाहिरात करायला कोणी कंपनी पुढे आली असती असं मला वाटत नाही. जुन्या, स्वस्त गोळीच्या नव्या उपयोगात कोणाचा नफा?

आकड्यात न येणारी माणसं

तीस टक्क्यांवरून एक टक्का, हे वाचून समाधान वाटतं, आणि ते वाटावंच. पण हे दोन्ही आकडे दवाखान्यात पोचलेल्यांचे आहेत. वाडीत, अंगणात, डोलीत, मिनीडोरच्या मागच्या बाकावर जे गेले ते या टक्क्यांत कधी नव्हतेच. उपचार जितका चांगला, तितकी पोचलेला आणि न पोचलेला यांच्यातली दरी मोठी. १९७५ साली महाडच्या दुकानदाराचं मूल आणि धनगरवाड्यावरचं मूल, दोघांच्याही नशिबी जवळजवळ सारखीच हतबलता होती, कारण दोघांसाठीही औषध नव्हतं. आज एकासाठी हमखास औषध आहे आणि दुसऱ्यासाठी ते आहे तरी कित्येक तास लांब आहे. एकूण मृत्यू घटले, हे खरं. उरलेले मृत्यू कोणाच्या घरात होतात, हेही तितकंच खरं.

शिवाय विंचूदंश मोजलाच कमी जातो. सर्पदंशाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं, भारताने २०२४ मध्ये २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. विंचूदंशाला असं स्थान मिळालेलं नाही. जे मोजलं जात नाही त्यासाठी ॲपमध्ये रकाना नसतो, आणि रकाना नसेल तर खरेदीच्या यादीत औषधही मागे पडतं.

एक संध्याकाळ, दोन मुलं

आता प्रकरणाचा गाभा. ही दोन मुलं कल्पनेने उभी केली आहेत; वाटेत लागणाऱ्या अडचणी मात्र या भागात फिरलेल्या कोणालाही ओळखीच्या वाटतील.

मे महिन्याचा शेवट, संध्याकाळचे सात. महाड शहरात सहा वर्षांच्या मुलीला माळ्यावरून काढलेल्या जुन्या गोणीतून विंचू चावतो. वडील दुकानातून मोटरसायकल काढतात. ओळखीच्या डॉक्टरांना फोन होतो, “घेऊन या” असा निरोप मिळतो. साडेसातला मुलगी खाटेवर असते, हातपाय गार पडू लागल्याचं डॉक्टरांना दिसतं, गोळी पोटात जाते. सकाळी ती चहा-बिस्किट खाते.

त्याच वेळी वर डोंगरात, धनगरवाड्यावर, सहा वर्षांच्याच मुलाला फाट्या आणताना चावतो. वडील मुंबईला हॉटेलात कामाला. घरात आई आणि आजेसासू. मोबाइल एकच, तो दिराकडे, आणि दीर खालच्या गावात लग्नाला गेलेला. पहिला अर्धा तास विंचू उतरवणाऱ्याला बोलावण्यात जातो. तो येतो, पाला चोळतो. मुलाला घाम फुटतो तेव्हा आजी म्हणते, “विष उतरतंय.” घाम हे तर धोक्याचं पहिलं चिन्ह, पण हे तिला कोणी कधी सांगितलेलंच नाही. साडेआठला मूल ओकू लागतं. शेजारचा पोरगा टेकाडावर जाऊन रेंज धरतो. १०८ ला फोन लागतो, पण गाडी येणार ती डांबरी संपते तिथपर्यंत. २०१४ पासून राज्यात या सेवेच्या ९३७ रुग्णवाहिका धावू लागल्या, त्यांनी कोकणात असंख्य बाळंतिणी आणि अपघातग्रस्त वाचवले. पण डांबरीपासून धनगरवाड्यापर्यंतची पायवाट ही अजून माणसाच्या पायांचीच आहे. मुलाला पाठुंगळी घेऊन उतरायला तास जातो. मूल उभं पाठीवर, रक्ताभिसरणाला ते आणखी जड. आरोग्य केंद्रात पोचेपर्यंत साडेदहा. डॉक्टर हजर असतील, गोळी कपाटात असेल, तर इथे अजून बाजी हाती आहे. यांतलं काही एक चुकलं तर पुढे ग्रामीण रुग्णालय, तिथून पुढे कुठे. आणि या वेळेपर्यंत फुफ्फुसात पाणी भरलं असेल तर आता गोळी पुरत नाही. प्राणवायू लागतो, हृदयाला बळ देणारं डोब्युटामिनसारखं औषध शिरेतून लागतं, कधी व्हेंटिलेटर लागतो.

म्हणजे पाहा, जे मूल गोळीने वाचलं असतं त्यालाच उशिरामुळे महागड्या यंत्राची गरज पडली, आणि ते यंत्र त्याच्यापासून सर्वांत लांब आहे. तफावत औषधातून निघाली आणि वेळेत जाऊन बसली. मुलांमधला फरक विषाचा नव्हता, तीन तासांचा होता. त्या तीन तासांत रस्ता आहे, बापाची नोकरी आहे, फोन कोणाच्या खिशात हे आहे, आणि आजीला कोणी समजावून सांगितलं नाही हेही आहे.

प्रतिविष: दहा तास लवकर

लाल विंचवाचं प्रतिविष मुंबईच्या हाफकिनमध्ये घोड्यांपासून तयार केलं गेलं. गोळीबरोबर ते दिलं तर काय फरक पडतो, याची रीतसर चाचणी बावस्कर दांपत्याने महाडच्या आपल्या रुग्णालयातच केली आणि २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने ती छापली. ७० रुग्ण, दोन गट. प्रतिविष आणि गोळी दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत लक्षणमुक्त झाले. नुसती गोळी मिळालेल्या ३५ पैकी ८ जण. बरं व्हायला लागलेला वेळ सरासरी ८ तास विरुद्ध १७.७ तास. मात्र प्रकृती आणखी बिघडू न देण्यात दोन्ही गट सारखेच ठरले.

हे दहा तास कोणासाठी मोलाचे? हातावर पोट असलेल्या आईबापांसाठी सर्वांत जास्त. एक रात्र दवाखान्यात म्हणजे दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडाली, घरची बाकी पोरं शेजारणीकडे, जनावरं दाव्याला. आणि तरीही प्रतिविष आधी मिळणार ते शहराच्या दवाखान्यात. ते शिरेतून द्यावं लागतं, अंगावर उठलं तर सावरायची तयारी लागते, कुप्यांचा साठा लागतो, मुदत संपली की नवा मागवावा लागतो. व्हिक्टोरांचा नियम इथे पुन्हा लागू. म्हणून माझं मत असं की प्रतिविष ग्रामीण रुग्णालयांपर्यंत न्यावं, जरूर न्यावं, पण त्याच्या कौतुकात प्राथमिक केंद्रातल्या गोळीकडे दुर्लक्ष होता कामा नये. जीव गोळीही वाचवते.

पडद्यावरून येणारी मदत

आता मोबाइलकडे. लांबूनच डॉक्टरांचा सल्ला देणारी केंद्र सरकारची ई-संजीवनी सेवा २०१९ मध्ये सुरू झाली, २०२० च्या मार्चमध्ये दूरवैद्यकाचे राष्ट्रीय नियम आले. रक्तदाब-मधुमेहाच्या जुन्या रुग्णाला, त्वचेच्या आजाराला, मानसिक आजाराच्या सल्ल्याला हा मोठा आधार आहे. सिंधुदुर्गातून मुंबईला हेलपाटा वाचणं ही लहान गोष्ट नव्हे. विंचूदंशाच्या रात्री मात्र व्हिडिओ कॉलची वाट धरणं धोक्याचं.

पहिली अडचण फोन कोणाचा, ही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांनी आपण स्वतः वापरतो असा मोबाइल असल्याचं सांगितलं. शहरात ६९, खेड्यात ४७ टक्क्यांच्या जवळ. घरात फोन असणं आणि आईच्या हातात फोन असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलाला विंचू चावतो तेव्हा जवळ असते ती आई.

दुसरी अडचण यंत्राच्या स्वभावाची. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, घरोघरच्या पाहणीसाठी आशाताईंच्या हातात ऑक्सिमीटर आला. चांगलं साधन आहे. पण विंचूदंशात बोटंच गार पडलेली असतात, तिथे रक्त नीट पोचत नाही, आणि मग ऑक्सिमीटर एकतर आकडा दाखवत नाही किंवा भलताच दाखवतो. शिवाय सावळ्या त्वचेवर तो प्राणवायू असतो त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, हे आता अभ्यासांतून पुढे आलं आहे. आकड्यावर विसंबलेली कार्यकर्ती “नव्वदच्या वर आहे, ठीक आहे” म्हणून थांबेल. बोट गार आहे हेच खरं लक्षण, आणि ते यंत्र लावायच्या आधीच तिच्या हाताला कळलेलं असतं. रक्तदाबाच्या यंत्राचंही तेच: मोठ्या माणसाचा पट्टा लहान मुलाच्या दंडाला बांधला तर दाब खरा असतो त्याहून कमी दिसतो, आणि चढलेला दाब नजरेतून सुटतो.

तिसरी अडचण आपण २०२१ च्या जुलैत पाहिली. महाड पाण्याखाली गेलं, तळीये गावावर दरड कोसळली, वीज गेली, नेटवर्क गेलं, रस्ते तुटले. सर्व्हरवर ठेवलेलं ज्ञान अशा वेळी मिळत नाही. कपाटातली गोळी आणि आशाताईच्या डोक्यातलं ज्ञान जागेवर असतं.

तरी मी मोबाइलच्या विरोधात नाही. साध्या बटणाच्या फोनवरून, कमी रेंजमध्येही, आवाज जातो. आशाताई फोनवर इतकंच विचारू शकते: “वहिनी, पोराचे पाय धरून बघा. गार आहेत? घाम सुटलाय? ओकला का? मग पाल्यात वेळ घालवू नका, आडवा ठेवा आणि डोलीतून खाली आणा. मी नर्सबाईंना सांगते.” दोन मिनिटांच्या या बोलण्याने तास वाचतो. याला ॲप लागत नाही. यासाठी आशाताईचा नंबर घराच्या दाराआड खडूने लिहिलेला असावा लागतो, तिच्या रिचार्जचे पैसे वेळेवर मिळावे लागतात, आणि ती चिन्हं तिला कोणीतरी नीट शिकवलेली असावी लागतात. विंचू उतरवणाऱ्यालाही हीच चिन्हं शिकवावीत असं मला वाटतं. घाम आणि गार पाय दिसले की “हे माझ्या हातचं नाही, खाली न्या” असं त्याने म्हटलं, तर त्याचा शब्द आमच्या शंभर पोस्टरांपेक्षा लवकर ऐकला जाईल.

काय कुठे ठेवायचं

या प्रकरणातून माझ्या पदरी पडलेली गोष्ट सरळ आहे. दंशापासून पहिल्या डोसपर्यंतचा वेळ ज्याने कमी होतो ते तंत्र विषमता घटवतं, मग ते कितीही जुनं असो. जिल्ह्याच्या गावी नवं यंत्र बसलं आणि हा वेळ तसाच राहिला, तर शहराजवळच्यांचं भलं होतं आणि लांबच्यांचं अंतर वाढतं. अलिबाग, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथे गेल्या काही वर्षांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, सरकारी दवाखान्यांतले उपचार ऑगस्ट २०२३ पासून मोफत झाले. दोन्ही निर्णय स्वागतार्ह. पण धनगरवाड्याच्या आईला तपासणीचे पैसे कधी आडवे आलेच नव्हते इतकी ती लांब होती.

म्हणून साधी गोळी प्राथमिक केंद्रात तर हवीच, आणि डॉक्टरच्या फोनवरच्या सांगण्याने पहिला डोस उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला देता येईल अशी लेखी मुभा हवी. दूरवैद्यकाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही: वर तज्ज्ञाचा आवाज, खाली प्रशिक्षित हात, आणि हाताशी औषध. यांतलं तिसरं नसेल तर पहिले दोन नुसते बोलत राहतील. उपकेंद्रात लहान मुलांच्या मापाचा रक्तदाबाचा पट्टा हवा. बदलून येणाऱ्या प्रत्येक नव्या डॉक्टरला रुजू झाल्याच्या आठवड्यात विंचू आणि साप यांचं प्रशिक्षण हवं, कारण बिरवाडीत जन्मलेलं हे ज्ञान दर बदलीबरोबर निघून जाण्याचा धोका असतो.

आणि नोंदवहीत तीन रकाने हवेत: चावल्याची वेळ, पहिल्या डोसची वेळ, वाडीचं नाव. महिनाअखेरीस तालुक्याची एकच सरासरी काढायची नाही. शहर वेगळं, मोठी गावं वेगळी, आदिवासीवाड्या आणि धनगरवाडे वेगळे. ज्या वाडीचा वेळ तीन तासांच्या वर जातो, तिच्यासाठी पुढच्या पावसाळ्याआधी काय करायचं ते ठरवायचं: पायवाटेवर डोलीची माणसं नेमायची, की खालच्या वस्तीत गोळी ठेवायची, की आधी तो रस्ताच करायचा.